डाव्या दारावरची पुट्टी

आम्ही समुद्रपूरला होतो तेव्हा बाबांची गोल मडगार्डांची गाडी आईही चालवायची. एकदा गिरडच्या रस्त्यावर आई गाडी चालवत असताना बैलगाडीचं लाकूड डाव्या दाराला लागलं. बाबा गाडी डेंटरकडून दुरुस्त करून घेऊन आले आणि म्हणाले, अख्खा पत्रा गेला होता. त्यानंतर आईला किल्ली मिळाली नाही. पोचा तळहाताएवढाच होता, असं ती सांगत राहिली. दारभर पोचे बुजवायची पुट्टी दिसत होती, मग तिचं कोण ऐकणार? लग्नकार्यात बाबा हसत सांगायचे, हिनं दार उडवलं.

यंदा ती पुट्टी फुगून तडकली. आता आम्ही सिंदी मेघेत राहतो. मी गाडी वर्ध्यातल्या एका गॅरेजात नेली आणि ग्राइंडर लावू नका म्हणून बजावलं. चहा पिऊन येते, तर दारावर ठिणग्या उडत होत्या. मी ओरडून ग्राइंडर बंद करवला. जुना पत्रा तापला की वाकतो, घासला की कागदासारखा होतो. तो माणूस शांतपणे म्हणाला, वरून नवी पुट्टी मारून देतो. हे ऐकून तर माझं डोकंच फिरलं. गाडी तशीच घरी आणली.

अंगणात मी स्वतःच कामाला लागले. गरम हवा फेकणारी हीट गन लांबून, सतत हलवत धरायची, पुट्टी मऊ झाली की बोथट पट्टी आडवी सरकवून खरवडायची. पत्रा जवळ आला की फक्त हातानं पॉलिश पेपर. पुट्टीचे थरावर थर निघाले. खाली पत्रा धडधाकट होता. मधोमध एक पोचा, तळहाताएवढा.

मी आई-बाबांना बाहेर बोलावलं.

बाबा म्हणाले, "त्या डेंटरनं सांगतलं होतं, पत्रा गेला म्हणून."

आईनं पोच्यावरून बोट फिरवलं. "पुट्टी लावाच्या आंधी तुमी पायलं होतं ना हे? मंग काऊन नाई बोल्ले?"

बाबा आत गेले.

पोचा मी मागून हळूहळू ठोकून काढला, रंग दिला. आता दार चांगलं दिसतं. किल्ली मी आईच्या हातात ठेवली, पण तिचे गुडघे आता क्लच दाबू देत नाहीत. बाबांशी मी बोलते, जेवायला वाढते. राग मात्र अजून तसाच आहे, आणि तो गेला पाहिजे असं मला वाटत नाही.