रोझिनबाईंची भिंत

रोझिनबाईंची भिंत मी पाडली. चुकून धक्का लागला असता तर निदान सांगायला तोंड तरी राहिलं असतं. मी ती पाडली चांगला विचार करून, हातात काठी घेऊन, आणि कलेसाठी.

आम्हा ड्रेस्डेनच्या तरुण चित्रकारांना तेव्हा पडझडीचं भारी वेड. धड उभी इमारत दिसली की आम्ही तोंड फिरवायचो. कमान मोडकी हवी, झाड वठलेलं हवं, आणि प्रेम एकतर्फी हवं. माझं तसं होतं. त्या मुलीला ते अजून कळलेलं नाही, मधल्या काळात तिला दोन मुलं झाली. काळा मखमली कोट, मानेवर रुळणारे केस आणि कायमची सर्दी एवढा सरंजाम घेऊन मी दोन दिवस चालत डोंगरातल्या त्या ओसाड मठापाशी पोचलो. कमान दृष्ट लागावी इतकी मोडकी होती. पण तिच्या पोटात कुणीतरी नवीकोरी, ओळंब्यात धरलेली भिंत घातली होती. चुना अजून ओला. सगळं चित्र नासलं! मी काठीनं ढोसलं. वरचे पाच-सहा थर धडाधड गेले. आता भोकातून अनंताचं दर्शन होणार म्हणून डोकावलो, तर आतून एक गाय माझ्याकडे बघत होती.

"झालं तुमचं?" मागून आवाज आला. "की गाईचं शिंगपण मोडकं हवंय?"

या रोझिनबाई. साठीला टेकलेल्या, कमरेला गोणपाट, हातात थापी. नवरा गवंडी. मठातले संन्यासी गेल्यावर आसपासच्या गावांनी मठाचे दगड नेऊन घरं बांधली. ते दगड सोडवून द्यायचं काम नवऱ्याकडे. लग्न होऊन आल्यावर पाच वर्षं दोघांनी मिळून मठ खाली उतरवला. मग एक दिवस नवराच कमानीवरून खाली आला, तो गेलाच. उरलेल्या कोपऱ्यात बाई राहिल्या, आणि तेव्हापासून काम उलटं सुरू झालं. वर्षभरात पडेल ते थंडीआधी पुन्हा रचायचं.

"गवंडीकाम शिकवलं कुणी तुम्हाला?" मी विचारलं.

"पावसानं."

पहिली गाय लढाईच्या वर्षी इथून गेलेल्या फ्रेंच शिपायांनी खाल्ली. दुसरी अशाच एका भगदाडातून आलेल्या वाऱ्यानं गारठून गेली. ही तिसरी, ब्लेसी, गाभण होती.

"आठवड्यात हिव पडेल," बाई म्हणाल्या. "त्याआधी चुना धरला नाही, तर सगळा भुसा होऊन गळतो. तेव्हा कोट काढा, चित्रकारबुवा."

"मी मदत करीनच, पण कोट..."

"मखमल आहे. चुन्याचा डाग जन्मात जायचा नाही."

मी रचलेला पहिला थर दुपारपर्यंत माझ्याच पायावर आला. बाईंनी तो शांतपणे पाहिला. "पाडताना हात कसा सराईत होता हो!" दुसऱ्या दिवशी मात्र त्या मला 'अरे' म्हणाल्या. आमच्या कलाशाळेनं इतका मोठा मान मला कधी दिला नव्हता.

त्या मानानं मला जोर चढला. बटाट्याचं सूप पीत बसलो असताना मी त्यांना समजावू लागलो, "रोझिनबाई, जे मोडकं असतं ना, तिथंच माणसाच्या आत्म्याला..."

"उद्यापासून तुला फुटक्या वाडग्यात वाढू?"

मी आत्मा आवरता घेतला.

"वर्षाला दहा-बारा येता तुम्ही," त्या पाव मोडत म्हणाल्या. "सगळे उसासे टाकता. एकानं माझं चित्र काढलं होतं, पाठमोरं. दरीच्या टोकाला उभी, समोर धुकं. गावात दाखवलं तर म्हणाले, ही कोण गं रिकामटेकडी?"

"तुम्ही त्या वेळी कसला विचार करत होतात?" मी वही सरसावली.

"कोंबडी शोधत होते."

चौथ्या दिवशी संध्याकाळी शेवटचा दगड बसला. माझी नखं फुटली होती, केस चुन्यानं पांढरे झाले होते, आणि ज्या चित्रासाठी हे सगळं केलं त्याची एक रेघही कागदावर नव्हती. आत ब्लेसी रवंथ करत होती. डोंगरामागे सूर्य उतरला, दरीतून धुकं वर आलं, वारा सुटला. आणि आमच्या भिंतीतून एक लांब, करुण सूर उठला. माझ्या अंगावर काटा आला. डोळे भरून आले. चार दिवस दाबून ठेवलेला कवी उसळून वर आला.

"रोझिनबाई, ऐकलंत? किती शतकांचं दुःख गातंय हो या दगडांतून!"

बाईंनी बोट थुंकीनं ओलं केलं, भिंतीवरून सावकाश फिरवलं आणि एका जागी थांबवलं.

"फट राहिलीय, घमेलं आण."