प्रज्ञाच्या ग्रहाचे वस्तुमान

प्रज्ञाने कोणताही ग्रह शोधला नव्हता.
कोणत्याही ग्रहाचे वजनही तिने काढले नव्हते.

आज दुपारी गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावला तिचा अंत्यविधी झाला. सकाळपासून व्हॉट्सअॅपवर याच्या नेमके उलट फिरते आहे. त्या मजकुराचा मूळ लेखक मी आहे, म्हणून ही पोस्ट.

मी तर्कशास्त्र शिकवत असे. प्रज्ञा विज्ञान शाखेची. तरी माझ्या तासाला येऊन मागच्या बाकावर बसायची. पुढे एका संशोधन संस्थेत मुदतीच्या नोकरीवर ती दूरच्या ताऱ्यांभोवतीचे, इतरांनी शोधलेले लहान ग्रह अभ्यासू लागली.

ग्रह ताऱ्यासमोरून गेला की प्रकाश किंचित घटतो. त्यावरून ग्रहाचा आकार कळतो.
ग्रहाच्या ओढीने तारा किंचित डोलतो. त्यावरून वस्तुमान.
दोन्ही हाती आले की घनता निघते, आणि तो ग्रह खडक आहे की वायूचा फुगा, हे सांगता येते.

एका रविवारी तिचा फोन आला.
"सर, बहुतेक खडकाळ आहे. जर हे डोलणं ग्रहामुळंच असेल तर. अजून तपासून राहिली आहे मी."

तिसऱ्या दिवशी बसस्थानकासमोर फ्लेक्स लागला. 'परग्रहाचे वजन करणारी गोरेगावची कन्या.' मजकूर माझा. खर्च माझा.
तिच्या वाक्यात 'जर' होता. माझ्या वाक्यात नव्हता.
आयुष्यभर ज्या चुकीसाठी मी विद्यार्थ्यांचे गुण कापले, ती मी आठ फुटांच्या फ्लेक्सवर केली.

ताऱ्यावर डाग असतात. तारा स्वतःभोवती फिरतो तेव्हा हे डागही डोलण्याचा आभास निर्माण करतात. ज्याला ती ग्रहाची ओढ समजत होती, त्यातला मोठा भाग त्या डागांचा निघाला. हे दुसऱ्या कोणी दाखवले नाही, तिनेच शोधले. तोवर शोधनिबंध परीक्षकांकडे गेलेला होता.

"सर, निबंध मागे घेतला तर इथली माझी मुदत वाढणार नाही."
"आणि घेतला नाही तर?"
"कोणाच्या लक्षात येणार नाही."
"मग प्रश्न काय उरतो?"
"काही नाही, सर. तिकडं तो फ्लेक्स लागून आहे ना."

तिने निबंध मागे घेतला. मुदत वाढली नाही.

ती परत आली तो बाजाराचा दिवस होता. बसमधून उतरली, पलीकडच्या दुकानातून शिडी मागून आणली आणि फ्लेक्स उतरवायला वर चढली. शिडी मी धरली होती.
भाजीवाल्या बाईने खालून विचारले, "काऊन वो प्रज्ञा, तुया ग्रह हारपला म्हणे?"
"हारपला नाही, मावशी. जिथं होता तिथंच हाये. मलेच तोलता नाही आला."
लोक हसले. तीही हसली.
मी हसलो नाही. पण 'हा फ्लेक्स माझा' असेही म्हणालो नाही.

त्यानंतर ती गोंदियात कंत्राटी तत्त्वावर शिकवत होती. सिकलसेल हा रक्ताचा आजार तिला लहानपणापासून होता. काल पहाटे ती गेली. वय चौतीस.

आज त्रिशरण झाल्यावर एक वक्ते उठले आणि म्हणाले, "परग्रहाचे वजन करणारी आपली लेक गेली."
दुरुस्ती करायला मी उभा राहिलो. तिच्या आईने माझी बाही धरली.
"आता कायले, सर? लोकं चांगलं बोलून राहिले."

मी खाली बसलो.

पण ते वाक्य माझे आहे, आणि तिने ते नोकरी गमावून खोडले होते. तिच्या पश्चात ते पुन्हा लिहिले जात असताना गप्प बसणे म्हणजे तिला दुसऱ्यांदा शिडीवर चढवणे.

म्हणून नोंदवतो. त्या ग्रहाचे वस्तुमान अज्ञात आहे. ते एका मर्यादेपेक्षा जास्त नाही, एवढेच प्रज्ञाने सिद्ध केले. ते आजही खरे आहे.

ज्यांनी सकाळचा मजकूर पुढे पाठवला, त्यांनी हाही पाठवावा. तिच्या आईची क्षमा मी उद्या घरी जाऊन मागेन.

प्रज्ञा, जय भीम.