अकरा फटक्यांची साखळी

दातांच्या दवाखान्यामागे एक बिनखिडकीची खोली होती. तिथे बसून तो एकवीस वर्षं कवळ्या बनवत होता. मेणात एकेक दात बसवायचा, पातळ सुरीने हिरड्या कोरायच्या, वरचा जबडा खालच्यावर टेकवून बघायचा. मध्ये कागदाएवढी फट राहिली तरी त्याच्या बोटांना कळायची. डॉक्टर पेशंटला सांगायचे, "दात मी काढतो, हसू आमचे कवळीवाले परत देतात." हे ऐकून कवळीवाला मान खाली घालायचा, पण त्या दिवशी स्वारी शीळ घालत घरी जायची.

धाकट्या भावाशी त्याचं बोलणं बंद होतं. चूक आपलीच आहे हे तो मनाशी कबूल करायचा, भावापाशी कधी केलं नाही. वडिलांना कंपवात झाला तेव्हा धाकट्याने पाच वर्षं त्यांचं सगळं केलं. घास भरवला, सदऱ्याची बटणं लावली, कूस बदलून दिली. थोरला फोनवर "येतो, येतो" म्हणत राहिला आणि आला तो थेट शेवटच्या दिवशी. कामाचं निमित्त होतं. खरं म्हणजे वडिलांचे ते हात त्याला बघवायचे नाहीत. धाकटा एवढंच म्हणाला, "दादा, आता कशाला आलास?" पुढे तो बायकोला घेऊन परदेशी निघून गेला.

अशी पाच वर्षं गेली. मग एकदा जावेने कवळीवाल्याच्या बायकोला फोनवर सहज सांगितलं, की हे रविवारी सकाळी कुठलातरी मारामारीचा ऑनलाइन गेम खेळत बसतात. बायकोने ती बातमी नवऱ्यापुढे ठेवली. "बोलता येत नाही ना दोघांना? मग मारामारी तरी करा."

त्याने केली. गेममध्ये हत्यार नव्हतं. बुक्क्या, कोपर, गुडघे, लाथा, एवढंच. त्याने एक जाडा टकलू पहिलवान निवडला, स्वतःचं नाव 'दादा' ठेवलं आणि भावजयीकडून मिळालेल्या नावावर भावाला आव्हान पाठवलं. आव्हान स्वीकारलं गेलं आणि चाळीस सेकंदांत टकलू उताणा पडला. त्या सकाळी तो नऊ वेळा पडला. भावाने एक अक्षर लिहिलं नाही. पण पुढच्या रविवारी आव्हान भावाकडून आलं.

मग त्याने मनावर घेतलं. टकलूची एक साखळी होती, अकरा फटक्यांची. दोन बुक्क्या, कोपर, गुडघा, पुन्हा कोपर, अर्धं पाऊल मागे येऊन सहावा फटका, आणि तिथून पुढे शेवटी समोरच्याला डोक्यावरून फेकून देणं. सगळी मेख सहाव्यात होती. बटण लवकर दाबलं तर फटका निघायचाच नाही. उशीर झाला तर समोरचा हात आडवा घालायचा. रोज संध्याकाळी कामावरून आला की तो गेममधल्या सरावाच्या बाहुल्याला बडवत बसायचा, "घे, घे, घे, घे, घे... थांब... घे!" असं पुटपुटत.

"त्या टकल्याचंही ताट वाढू का?" बायको स्वयंपाकघरातून विचारायची.

चार महिने लागले. एका रविवारी अकराच्या अकरा फटके बसले आणि धाकटा पडद्याच्या पार कोपऱ्यात जाऊन आदळला. थोड्या वेळाने खाली अक्षरं उमटली. "कुठे शिकलास?"

"घरीच," त्याने लिहिलं. मग चष्मा काढून पुसत बसला.

त्यानंतर वर्षभर असंच चाललं. "गुडघा उशिरा मारतोस." "तू फार पळतोस." वडिलांचा विषय कुणी काढला नाही.

आणि मग सहावा फटका चुकायला लागला. आधी त्याने इंटरनेटला शिव्या घातल्या, मग नवीन कंट्रोलर आणला. तिकडे खोलीत मेणातला सुळा तिरका बसला. महिन्याभरात तीन कवळ्या परत आल्या. "वरचे-खालचे दात नीट मिळत नाहीयेत हो," डॉक्टर म्हणाले. "मेणच खराब आलंय यावेळी," तो म्हणाला आणि हात खिशात घातले.

त्या रविवारी लागोपाठ सात वेळा साखळी तुटली. भावाने लिहिलं, "उजवा अंगठा?"

"नेट स्लो आहे."

"सहाव्या फटक्यालाच?"

पाठोपाठ फोन वाजला. सहा वर्षांनी त्याने धाकट्याचा आवाज ऐकला.

"दादा, हात मांडीवर ठेव. नुसता ठेव. हलतोय का?"

अंगठा तर्जनीवर फिरत होता, पिठाची बारीक गोळी वळावी तसा.

"नाही," तो म्हणाला.

"बाबाही मला नाहीच म्हणाले होते."

दोन आठवड्यांनी मेंदूच्या डॉक्टरांनी तेच नाव कागदावर लिहून दिलं. ते त्याने बायकोच्या आधी भावाला सांगितलं.

"दादा, मी हे एकदा केलंय. पुन्हा नाही जमणार मला."

"मी कुठे तुझ्याकडे काही मागितलं?"

"तू नाही मागणार. पण दर रविवारी तुझा एकेक फटका कमी होणार आणि मी समोर बसून तो मोजणार. मला ते नको आहे रे. रागावू नकोस."

रागवायला तोंड कुठे होतं? ते हात बघायला नकोत म्हणून हाच पाच वर्षं घरी गेला नव्हता. "बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याला फार वाटलं, की आत्ता तरी माफी मागायला हवी होती. पण आता मागितली असती तर ती सोबतीसाठी घातलेली गळ वाटली असती. तीही वेळ निघून गेली होती.

दवाखान्यात दात बसवायला नवीन माणूस आला. डॉक्टर भले, त्यांनी याला काढलं नाही, प्लास्टर कालवायला ठेवलं. आता कवळीवाले म्हणून हाक आली की दोघं वर बघतात.

संध्याकाळी तो अजून बाहुल्यासमोर बसतो. मध्यंतरी आठ फटके बसायचे, मग सहा. सध्या चार. बायको आता थट्टा करत नाही. स्वयंपाकघराचं दार लोटून घेते.

गेल्या रविवारी गेमच्या यादीत भावाच्या नावापुढे हिरवा ठिपका दिसला. याच्याही नावापुढे तिकडे दिसत असणार. तासभर दोन्ही ठिपके तसेच होते. त्याने आव्हान पाठवलं नाही. तिकडूनही आलं नाही. साडेदहाच्या सुमाराला भावाचा ठिपका विझला.