मुलं चालत नाहीत ते जहाज

भासऱ्यांच्या कुऱ्हाडीचा पहिला घाव बसला तो आमच्या टीव्हीवर. पडद्यावर एक पांढरं जहाज ग्रीसच्या कुठल्याशा बेटाशेजारून चाललं होतं आणि माझा नवरा मला सांगत होता, "पाय वो, ह्या खोलीले गॅलरी हाय." तेवढ्यात काच फुटली. पुढचा घाव टेबलावर बसला, चहाचे कप उडाले. मग भासऱ्यांनी कुऱ्हाड डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताने माझ्या नवऱ्याच्या तोंडात मारली. पन्नाशीच्या माणसाच्या तोंडात. मे महिन्यातली संध्याकाळ होती, दार सताड उघडं होतं आणि रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते.

भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आमगावजवळच्या आमच्या गावात दोघांची घरं एकाच अंगणात आहेत, मधे कमरेएवढी भिंत. लहानपणापासून ते धाकट्याला मारत आले. बैल उशिरा सोडले म्हणून, सायकल पाडली म्हणून, आणि आमच्या लग्नानंतरही एकदा बांधीतलं, म्हणजे भाताच्या शेतातलं, पाणी वेळेवर बंद केलं नाही म्हणून. माझा नवरा मान खाली घालून मार खायचा. मोठ्या भावाला उलट बोलायचं नाही, हे त्याच्या हाडात मुरलेलं. मला ह्याचा इतका संताप यायचा की मी चुलीपुढे भांडी आपटत बसायची. समोर मी नवऱ्याला 'तुमी' म्हणते, इथे मात्र 'तो' लिहिते आहे. निदान कागदावर तरी बरोबरीचा होऊ दे.

तर जहाज. आम्हाला मूल नाही. उपचार झाले, नवस झाले, आणि मग एके दिवशी दोघांनी न बोलता ते सगळं सोडून दिलं. माझं माहेर दरेकसाकडचं, डोंगर आणि जंगलातलं. मी उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता. आमगावात माझं शिलाईचं दुकान आहे आणि जायचं ते त्या कमाईतून, त्यामुळे पैशाचा विषय घरात निघाला नाही. गोवा-बिवा मला नको होता. फोनवर भूमध्य समुद्र पाहिला होता, निळाभोर, काठावर जुनी गावं, आणि जहाज रात्रभर चालून रोज सकाळी नव्या गावी लागणारं. मला तेच पाहिजे होतं.

गोंदियाच्या एजंटने खुर्ची पुढे केली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "बच्चे कितने हैं मॅडम?"

हा प्रश्न मी रेल्वेत ऐकला आहे, दवाखान्यात ऐकला आहे, लग्नाच्या पंगतीत तर हातात भाताचा घास असताना ऐकला आहे. "हम दोनों ही हैं," मी अशा आवाजात म्हणाले की तो बिचारा जरा मागे सरकला. मग त्याने एक भलंमोठं जहाज दाखवलं. त्यावर मुलांसाठी घसरगुंड्या, मुलांचा पोहण्याचा हौद, मुलांचं जेवणघर. नवऱ्याला ते लगेच आवडलं. त्याने एकच विचारलं, "चावल मिलता है क्या?" मिळत होता. मग एजंट जरा अडखळत म्हणाला, "एक छोटा जहाज भी है। पर उसमें अठारह साल से छोटा कोई अलाउड नहीं।"

मी त्याला ते पुन्हा सांगायला लावलं. बहुतेक लोक मुलांना घरी ठेवून येतात, असं तो समजावत होता, पण माझं लक्ष नव्हतं. जगात एक जागा अशी आहे जिथे मूल बरोबर नसणं हा नियम आहे. तिथे कोणी विचारणार नाही, कोणी च्यक् करणार नाही. माझे डोळे भरून आले आणि ते लपवायला मी एजंटवरच ओरडले, पंखा लावला नव्हता म्हणून.

पुढचे कित्येक दिवस घरात नुसती जुंपलेली. नवऱ्याला मोठं जहाज हवं होतं. "तती भात भेटते, गर्दी असते. छोट्या जहाजावर आपन दोघंच येगळे दिसून." त्यातही त्याला बिनखिडकीची खोली चालणार होती. "झोपाचंच त हाय."

"मंग धानाच्या कोठीत झोपा ना," मी म्हणाले, "तितं बी खिडकी नाई."

तो हसला आणि मी हातातला पितळी तांब्या भिंतीवर फेकून मारला. त्याला लागला नाही, पण तांब्याला खड्डा पडला. अजून तो फळीवर कलंडूनच उभा राहतो. एका गोष्टीवर मात्र आमचं चटकन एकमत झालं. उन्हाळी धान घरी येईल, मग पावसाळ्याची रोवणी होईल, आणि रोवणी आटोपली की धान निसवेपर्यंत, म्हणजे लोंब्या बाहेर पडेपर्यंत, शेतात फक्त पाण्यावर नजर ठेवायची असते. पोळा झाला की निघायचं. तारीख आम्ही शेताला विचारून ठरवली. जहाज कोणतं, ते मात्र ठरेना. एजंटचा फोन आला की नवरा म्हणायचा, "बताते हैं।"

अशात भासऱ्यांकडे नातवाचं बारसं आलं. मी स्वतःच्या हाताने दुपटं शिवून नेलं, किनार लावलेलं. बाया पाळण्याभोवती जमल्या, मीही पुढे झाले. तेव्हा जाऊबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तू मांगंच राय वो. पाळन्याले हात नोको लावू."

नवीन नव्हतं. हळदीला, ओटीला, पाळण्याला मी नेहमी मागेच. पण त्या दिवशी माझ्या अंगाचा भडका झाला. मी दुपटं तिथेच टाकलं आणि म्हणाले, "मी अशा जहाजावर चालली का तती तुमच्या पोट्ट्यायले दारातच अडवतेत! माहीत हाय?"

दुपारपर्यंत ते भासऱ्यांच्या कानावर गेलं, आणि जाता जाता त्याचं रूप बदललं. आम्ही त्यांच्या लेकरांवर बंदी घालून परदेशी चाललो आहोत, असं ते झालं. त्यांच्या मनात वेगळीच गोष्ट शिजत होती. त्यांचा धाकटा मुलगा आम्ही मांडीवर घ्यावा, म्हणजे दत्तक घ्यावा, हे त्यांनी आम्हाला न विचारता ठरवून टाकलं होतं. आमच्यामागे आमची बांधी त्याची. पाहुण्यांना सांगूनही झालं होतं.

म्हणून ती कुऱ्हाड.

"माह्या पोट्ट्यायले बंदी?" टीव्हीच्या काचा पायाखाली चुरत भासरे ओरडत होते. "पोर ना सोर, आन जहाजावर जाऊन राहिले! पान्यात मेले त आगी कोन देईन बे तुमाले? आधी लहान्याले मांडीवर घ्या, मंग जा कुठं मराचं थे!"

नवऱ्याच्या ओठातून रक्त येत होतं. तो खाली बघत होता. भासऱ्यांचा हात परत उठला, आणि आता त्यात कुऱ्हाड होती.

आमच्याकडे भासरा आणि धाकट्या भावाची बायको एकमेकांना शिवत नाहीत. मी त्यांच्यासमोर कधी उघड्या डोक्याने गेले नव्हते, त्यांच्या खाटेवर टेकले नव्हते. वाटेत समोरासमोर आलो तर दोघांपैकी एकाने बाजूला व्हायचं. इतकी वर्षं त्या नियमाने मला दाबून ठेवलं होतं. त्या संध्याकाळी मला सुचलं की तो त्यांनाही बांधतो. मी डोक्यावरचा पदर खाली टाकला, सरळ चालत गेले आणि कुऱ्हाडीचं पातं धरलं.

त्यांनी ओढली असती तर माझा हात त्यांच्या हाताला लागला असता. त्यांनी कुऱ्हाड सोडली. भूत पाहिल्यासारखे ते दारापर्यंत मागे गेले. माझी बोटं कापली होती आणि रक्त फरशीवरच्या चहात मिसळत होतं. दारातून ते म्हणाले, "आगी लागो तुमच्या जहाजाले." ते माझ्याशी थेट बोललेलं पहिलं वाक्य.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेताकडून धूर दिसला. उन्हाळी धान कापून आम्ही पुंजणं रचलं होतं. कापलेल्या धानाचे भारे शेतातच रचून ठेवतात, मळणीचं मशीन येईपर्यंत. मी हाताला फडकं गुंडाळलेली, नवरा पायात चप्पल नसलेला, आम्ही धावलो. मेमधलं वाळलेलं धान ते. आम्ही पोचलो तोवर आत जायला वाट नव्हती. दाणे तडतड फुटत होते आणि लाह्यांचा वास सुटला होता. मला त्या वासाने भूक लागली, आणि भूक लागली म्हणून स्वतःची किळस आली.

भासरे तिथेच उभे होते. लपले नाहीत, पळाले नाहीत. काडीपेटी हातातच होती.

"लावली मीनं," ते म्हणाले. "माह्या बापाच्या बांधीतलं हाय. कायले पायजे तुमाले धान? खानारं कोन हाय?"

माझ्या नवऱ्याने धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पडलेला बांबू उचलला. तो असं काही करेल हे मला वाटलं नव्हतं, आणि भासऱ्यांना तर मुळीच नाही. ते तसेच उभे राहिले, लहानपणी हा जसा उभा राहायचा तसे. पहिला फटका खांद्यावर बसला. मग दंडावर, मग पाठीवर. हाड मोडल्याचा आवाज आगीच्या आवाजातही ऐकू आला. नवरा नुसता मारत होता, आणि रडत होता.

मी एक पाऊल मधे टाकलं असतं तर ते थांबलं असतं. आदल्या संध्याकाळीच मी ते करून पाहिलं होतं. मी धुऱ्यावर उभी राहिले. मला बरं वाटत होतं, आणि आजही विचाराल तर बरंच वाटतं. शेजारच्या बांधीतले लोक धावत आले आणि त्यांनी नवऱ्याला धरलं. पोलिसांत ना ते गेले ना आम्ही.

पुंजणं विझत आलं तेव्हा नवरा राखेच्या कडेला उकिडवा बसला. तोंड काळं झालेलं, ओठ सुजलेला. त्याने खिशातून फोन काढला आणि गोंदियाला लावला. "भैया, वो छोटा वाला कर दो। हाँ, वही, जिसमें बच्चे नहीं चलते।" मग माझ्याकडे बघून म्हणाला, "और कमरा गॅलरी वाला।"

व्हिसासाठी नागपूरला गेलो तेव्हा बोटांचे ठसे घेणारं मशीन माझी बोटं घेईना. काचेवर ठेवली की लाल दिवा. जखम भरली होती, पण आडवे वण राहिले होते. तिथल्या मुलीने विचारलं, "ताई, कशाने कापलं?" मी म्हणाले, "घरीच." तिने पुढे विचारलं नाही. बऱ्याच खटपटीनंतर मशीनने ती बोटं वणांसकट घेतली.

पोळा झाल्यावर आम्ही निघालो. आमच्याकडे दूर जाणाऱ्याच्या हातावर घरातलं वडीलधारं माणूस दही ठेवतं. आमच्या हातावर दही ठेवायला कोणी आलं नाही. जाऊबाईंनी दार लावून घेतलं होतं. भासरे मात्र भिंतीपाशी येऊन उभे राहिले. त्यांचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही. इतक्या महिन्यांत दोघा भावांत एक शब्द झाला नव्हता. मी पदर डोक्यावर घेतला नाही. तशीच बॅग ओढत त्यांच्यासमोरून गेले.

"पान्यात काई झालं त?" मागून त्यांचा आवाज आला. त्यात राग नव्हता. ते खरंच घाबरले होते. "आगी कोन देईन तुमाले?"

माझ्या नवऱ्याने बॅग खाली ठेवली. वळला. मोठ्या भावाच्या डोळ्यांत बघून बोलताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"आगी त तुमी देऊन चुकले, दादा," तो म्हणाला, आणि बॅग उचलून माझ्या पुढे चालू लागला.