बाईंचे रात्रीचे नऊ

शेणवे गावाच्या पुढे तानसा तलावाकडे जाताना डाव्या हाताला एक कच्ची वाट उतरते. तिच्या टोकाला माधुरीबाईंचा बंगला आहे. बंगल्यावर राहणारा माणूस एकच, धाऊ. वय सत्तावन्न की अठ्ठावन्न, नेमकं त्यालाही ठाऊक नाही. बायको हिरी सहा वर्षांपूर्वी तापाने गेली, मुलगी हर्षाली कसाऱ्याला दिलेली. पाड्यावरचं घर एकट्याला खायला उठायचं, म्हणून तो बंगल्याच्या मागच्या खोलीत राखणीला आला, तो तिथलाच झाला.

बाई मुरबाडच्या शाळेत गणित शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर नवराबायकोने ही जागा घेतली, आंबे-चिकू लावले. पुढे नवरा गेला आणि चार वर्षांपूर्वी मुलगा प्रज्वल त्यांना कॅनडात, टोरोंटोला घेऊन गेला. निघायच्या आदल्या दिवशी बाईंनी धाऊला ओट्यावर समोर बसवलं आणि प्रज्वलचा जुना फोन त्याच्या हातात दिला.

"दर शनिवारी रात्री नऊला मी फोन करीन. तेव्हा तुझ्याकडे रविवारचे सकाळचे साडेसहा."

"शनवारचा फोन ऐतवारी कसा येल, बाई?"

बाईंनी खडू घेतला नि ओट्यावरच गणित मांडलं. "आपल्या घड्याळात अडीच मिळवायचे आणि दिवसाची रात्र करायची. साडेसहा आणि अडीच?"

"नऊ."

"रात्रीचे. आणि तेही आदल्या रात्रीचे. झालं. आहे काय त्यात!"

दर रविवारी फोन यायला लागला. धाऊ सहालाच आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ओट्याच्या कोपऱ्यात बसायचा, कारण रेंज तेवढ्याच जागी धड यायची. मग थोडं पुढे-मागे होत बाईंना झाडं दाखवायची. हापूसला पालवी आली, विहिरीला पाणी किती, माकडांनी चिकूची वाट लावली. दहा-पंधरा मिनिटं. आठवड्यात त्याचं कोणाशी एवढं बोलणं तेवढंच.

पहिल्या वर्षी नोव्हेंबरातल्या एका रविवारी साडेसहाला फोन आला नाही. सात झाले, सव्वासात झाले. धाऊच्या मनात नको नको ते आलं. बरोबर साडेसातला फोन वाजला.

"अरे, सांगायचं राहिलं. इथे थंडीत घड्याळ एक तास मागे करतात. आता अडीच नाही, दीड मिळवायचे."

"घड्याळ मागं करतात? कोन करतंय?"

"सरकार."

"आनि सूर्य ऐकतो त्यांचं?"

बाई एवढ्या हसल्या की पलीकडून प्रज्वल काय झालं म्हणून बघायला आला. मार्चातल्या दुसऱ्या रविवारी घड्याळ परत पुढे जातं, तेव्हा पुन्हा अडीच, हेही त्यांनी सांगून ठेवलं. धाऊने ते खोलीच्या भिंतीवर कोळशाने लिहिलं.

गेल्या दिवाळीनंतर मात्र फोन भलत्याच वेळी यायला लागले. पहिला आला तो दुपारी दोनला. धाऊ ओट्याच्या कोपऱ्यालगतच्या चिकूच्या बुंध्याशी आळं करत होता. फोनमध्ये बाईंचा चेहरा अर्धाच दिसत होता, मागे काळोख.

"धाऊ, मी निघालेय. किल्ली कुठे ठेवलीस?"

त्याने मनात दीड मिळवले. साडेतीन. रात्रीचे. "बाई, तुमच्याकडं रातचे साडेतीन झालेत. निजा."

बाईंनी खिडकीकडे पाहिलं असावं. "काळोख आहे खरा," त्या म्हणाल्या, "मग तू उन्हात कसा रे?"

हे गणित धाऊला बाईंनीच शिकवलं होतं. तो नुसता म्हणाला, "मी हाय इथं. तुमी निजा."

मग आठवड्यातून दोनदा, तीनदा असं होऊ लागलं. एका सकाळी प्रज्वलचाच फोन आला. डॉक्टरांना दाखवलं होतं, विसरण्याचा आजार होता, वाढत जाणारा. "काका, तिचा अवेळी फोन आला तर उचलू नका. उचलला नाही की ती परत झोपेल."

दोन दिवसांनी दुपारी पुन्हा फोन वाजला. धाऊने तो ओट्यावर ठेवला आणि शेजारी बसून राहिला. वाजून वाजून थांबला, परत वाजला. अकरा वेळा वाजला. मग गप्प.

कोणाला तरी हे सांगावं असं त्याला फार वाटलं. त्याने हर्षालीला फोन लावला. ती हायवेवरच्या हॉटेलात भटारखान्यात कामाला आहे.

"बाबा, डूटीवर हाय. राती लावते."

रात्री तिचा फोन आला नाही. कसाऱ्याचं आणि शेणव्याचं घड्याळ एकच, तिथे काही मिळवायचं नाही की वजा करायचं नाही. पण बापलेकीची वेळ काही जुळत नव्हती.

दुसऱ्या दिवशी प्रज्वलने सांगितलं, की आई पहाटे चपला घालून दाराशी बसलेली सापडली. बाहेर बर्फ होता. दार कुलूपबंद होतं म्हणून बरं.

 धाऊ म्हणाला, "दादा, मला एक करू द्या. मीच लावतो रोज. तुमच्या रातच्या नऊला. दोन शब्द बोलतो नि निजवतो."

त्या दिवसापासून वेळ सांभाळणं धाऊकडे आलं. रोज सकाळी साडेसातला तो फोन लावायचा. बाई विचारायच्या, "तिकडे किती वाजले?" तो सांगायचा. "आणि इकडे?" तेही सांगायचा. "म्हणजे झोपायची वेळ झाली," त्या म्हणायच्या, आणि खरंच झोपायच्या. दुपारचे फोन बंद झाले. मार्चातल्या एका सोमवारी धाऊने साडेसातऐवजी साडेसहालाच फोन लावला, तेव्हा प्रज्वल चक्रावला. "काका, घड्याळं बदलली ते आम्हीच विसरलो होतो. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"बाईंनीच," धाऊ म्हणाला.

एप्रिल सरता सरता बाईंनी वेळ विचारणं सोडलं. मग नाव घेणं सोडलं. धाऊ हापूसची पाटी फोनसमोर धरायचा, एकेक फळ वर करून दाखवायचा. बाई त्याच्याकडे बघायच्या, पण रस्त्यावरच्या माणसाकडे बघावं तशा. त्याच्याजवळचं शहरी बोलणं संपलं, तसा तो आपल्या पाड्याच्या बोलीत बोलायला लागला, हिरीशी बोलायचा तसं. बाईंना त्यातलं किती कळत होतं कोण जाणे.

मेच्या मध्यावर प्रज्वलने हळूच विषय काढला. "काका, तिला आता कशाचाच उमज नाही. रोज नका त्रास घेऊ. महिन्यातून एकदा मीच लावत जाईन."

"त्रास कसला," असं धाऊच्या ओठावर आलं होतं. पण फोन दुसऱ्याच्या घरातला, आई दुसऱ्याची. "बरं," एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी जाग ठरल्या वेळीच आली. आंघोळ झाली, सदरा अंगात चढला आणि मग पुढे काही नव्हतं. ओट्यावर ऊन यायला लागलं तसा तो उठला आणि वाटेने शेणव्याला चालत गेला. नाक्यावर जगनची चहाची टपरी नुकतीच उघडली होती.

"काय रं धाऊ, एवढ्या सकाळचा?" जगनने विचारलं.

"काय नाय. आसाच."

त्याने चहा घेतला, मग आणखी एक. बाकावरची माणसं पाण्याच्या टँकरवरून भांडत होती. त्यातलं त्याचं काही नव्हतं, तरी तो दहा वाजेपर्यंत ऐकत बसला. मग झाडांना पाणी घालायचं राहिलंय म्हणून उठला. हल्ली रोज टपरीवर जातो.