कुंदा सिस्टर आणि समुद्राचा निळा

कुंदाताईंची आणि माझी पहिली भेट औषधांच्या खिडकीत झाली. वेंगुर्ल्याजवळ खाडीकाठी असलेल्या एका गावच्या आरोग्य केंद्रात मी औषधनिर्माता म्हणून नुकताच रुजू झालो होतो. माझे गाव बांद्याकडचे, भाताचे आणि काजूचे. समुद्र पाहिलेला होता, पण त्याच्या शेजारी कधी राहिलो नव्हतो. पहिल्याच आठवड्यात पांढऱ्या साडीतील एक उंच परिचारिका खिडकीशी आल्या आणि म्हणाल्या, "रे नव्या, तां जांभळां औषध संपलां काय बाटली टाकू नको. माका दी."

जखमेला लावायच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीचे त्या काय करणार, मला कळेना. संध्याकाळी त्यांनी केंद्राच्या पडवीत चहाला बोलावले तेव्हा उलगडा झाला. लसीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर खाडीवरची संध्याकाळ उतरली होती. बाटलीच्या तळाशी राहिलेल्या थेंबांत पाणी मिसळून आभाळ केले होते आणि ओहोटीचा चिखल आयोडीनच्या तांबूस छटेत रंगवला होता. मी विचारले, "कोणाकडे शिकलात?" त्या हसल्या. "कोणाकडे शिकतलंय? बगलंय नि काडलंय."

हे उत्तर नम्रतेचे नव्हते, खरेच होते. त्यांचे वडील होडीवर जात, आई बाजारात मासे विकत असे. वाळूत उपड्या घातलेल्या होड्यांच्या तळावर लहानगी कुंदा कोळशाने मासे, कुर्ल्या म्हणजे खेकडे, पक्षी काढायची. वडिलांनी कोळसा कधी हिसकावला नाही. होडी पाण्यात लोटण्यापूर्वी ते एकदा थांबून चित्र पाहून घेत, एवढेच. पुढे नर्सिंगचे शिक्षण झाले, नोकरी लागली, आणि लसीकरणासाठी वाडी-वाडी पायी फिरताना त्यांच्या पिशवीत एक पेन्सिल कायमची आली.

त्यांचे निसर्गप्रेम कसे होते, ते मला एका सकाळी समजले. त्यांना आवडेल म्हणून मी सुरंगीची फुलांनी भरलेली फांदी तोडून नेली. त्यांनी ती हातात घेतली, वास घेतला आणि म्हणाल्या, "ही आता कोमेजतली. झाड खंय आसा तां दाखय." आम्ही चढ चढून गेलो. झाडावर चढलेल्या, कळ्या काढणाऱ्या एका म्हातारीने वरूनच हटकले, "कोण गो तां? फुलां चोरूक इलास काय?"

"नाय गो काकी, बगूक इलंय."

"बगून पोट भरता?"

"भरता," ताई म्हणाल्या आणि मुळाशी बसून त्यांनी चित्र सुरू केले. म्हातारी खाली उतरल्यावर स्वतःला चित्रात पाहून लाजली. तिने सुरंगीच्या कळ्यांचा एक गजरा, वळेसर, ताईंच्या केसांत स्वतःच्या हाताने माळला. त्यानंतर ताईंसाठी मी कधी फांदी तोडली नाही.

केंद्रात येणाऱ्या मुलांना मात्र त्यांच्या कलेचा वेगळाच लाभ होई. सुई पाहून रडणाऱ्या मुलाच्या तळहातावर त्या कापसाच्या बोळ्याने जांभळी कुर्ली काढत. मूल कुर्लीचे पाय बघेपर्यंत टोचून झालेले असे. माझ्या मुलीच्या हातावर अशी कुर्ली निघाली तेव्हा तिने घरात कोणालाही तो हात धुऊ दिला नाही. उजव्याऐवजी डाव्या हाताने जेवली, पण कुर्ली सांभाळली.

निवृत्तीनंतर ताई पूर्ण वेळ चित्रांकडे वळल्या. भाऊ-भावजयीच्या घरी मागची पडवी त्यांना मिळाली. तेथून खाडी आणि खाडीपलीकडे समुद्राची पट्टी दिसते. ही पट्टी त्यांनी किती वेळा रंगवली असेल, सांगता येणार नाही. मी सावंतवाडीला गेलो की त्यांच्यासाठी रंग आणत असे. काही वर्षांपूर्वी त्यांची तक्रार सुरू झाली. "निळो रंग पयल्यासारखो नाय येवक रे. पाणी घालतत काय त्यात?" मी दुसऱ्या दुकानातून आणला, मग तिसऱ्या. तक्रार तीच. इकडे त्यांच्या चित्रांतला समुद्र हळूहळू हिरवट झाला, मग चहासारखा. पाहणारे गप्प राहत. वयानुसार रंग बदलले असतील, असे मलाही वाटले.

एकदा किनाऱ्यावर बसलो असताना समोरच्या होडीकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "ती हिरवी होडी बरी दिसता." होडी निळी होती. मी तसे सांगितले. त्यांनी होडीकडे पुन्हा एकदा पाहिले. मग उठून एकट्याच घरी गेल्या.

मोतीबिंदू आहे, हे त्यांना माझ्याआधीच कळले असणार. पण शस्त्रक्रियेचे नाव काढले की त्या विषय बदलत. शेवटी मी म्हटले, "सिस्टर, मोतीबिंदूच्या शिबिराच्या गाडयेत लोकांका समजावून तुमीच बसवत होत्यात मां?"

"तेंचो डोळो होतो रे तो," त्या चिडून म्हणाल्या, "हो माजो आसा!" आणि जरा थांबून हळू आवाजात, "आता दिसता तितक्याय गेलां तर मी काय करू?"

इतक्या वर्षांत त्यांना घाबरलेले मी प्रथमच पाहत होतो. मी पुन्हा आग्रह केला नाही.

निर्णय त्यांनी स्वतःच घेतला, आणि त्याला कारण झाला एक खंड्या. खाडीतल्या खुंटावर तो रोज येऊन बसे. त्या सकाळी भावजय म्हणाली, "वन्सं, तुमचो खंड्या इलो." ताईंनी पाहिले. खुंट दिसला, चिखल दिसला, पक्षी दिसेना. तो उडाला तेव्हा हलणारे काहीतरी त्यांना जाणवले, इतकेच. ब्रश पाण्यात बुडवून ठेवून त्यांनी मला फोन केला. "तारीख घे रे. तो येता नि माका गावणा नाय, ह्यां चलाचा नाय."

शस्त्रक्रिया सावंतवाडीत झाली. पट्टी काढली तेव्हा मी आणि भावजय समोर उभे होतो. ताईंनी आमच्याकडे पाहिलेच नाही. त्यांची नजर खिडकीच्या पडद्यावर खिळली होती. तिथल्या नर्सला त्यांनी विचारले, "गो बाय, हो पडदो काल पण निळोच होतो?"

"होय आजी."

"आणि मी मेलंय दुकानदाराक शिव्या घालत होतंय!"

परतताना शेवटच्या उतारावर समुद्र दिसताच त्यांनी रिक्षा थांबवायला लावली. काळा चष्मा किंचित वर करून त्या पाहत राहिल्या. मी धीर द्यायला पुढे झालो, तर मलाच म्हणाल्या, "डोळ्यात पाणी येवक देऊ नको म्हणून डॉक्टरान सांगलेलां आसा. माका हसय काय तरी." आम्ही तिघेही हसलो, रिक्षावालाही कारण न कळता हसला.

मधल्या वर्षांतली तपकिरी चित्रे भिंतीला टेकवून ठेवलेली होती. ताई ती आता पुन्हा रंगवतील, अशी माझी समजूत होती. डोळा पूर्ण बरा झाल्यावर त्यांनी एकेक चित्र उजेडात धरून पाहिले आणि जागच्या जागी ठेवले. "ऱ्हवांदेत. त्या वर्सांनी माका समुद्र असोच दिसलो. मी काय खोटां काडूक नाय." स्वतःच्या उणिवेच्या काळाकडे इतक्या निर्मळपणे पाहणारा कलावंत मला दुसरा माहीत नाही.

यथावकाश दुसऱ्या डोळ्याचीही शस्त्रक्रिया झाली. आज पंचाहत्तरीत कुंदाताईंची नजर स्वच्छ आहे आणि खंड्याची चित्रे इतकी झाली आहेत की भावजयीला पडवीत पाय ठेवायला जागा उरलेली नाही. या लेखासाठी काही विचारावे म्हणून परवा गेलो तर म्हणाल्या, "तुका काय व्हया तां लिही, पण आटप. भरती लागली."

त्यांच्या सर्व स्नेह्यांच्या वतीने मी कुंदाताईंना निरामय दीर्घायुष्य चिंतितो. त्यांचे गुडघे चालते राहोत, नजर लख्ख राहो. पुढची कित्येक वर्षे आपण शुभेच्छा द्यायला त्यांच्या दारी जावे आणि भावजयीने आतून सांगावे, "वन्सं घराक नाय आसत, खाडयेवर गेल्यात."