आक्काची ओटी

मजुरी घ्यायला कुणाचा नवरा आला, की आक्का कमरेवर हात ठेवून विचारायची, "कांदं तू लावलंस का रं? मग हात कशापायी पसरतोस?" आमच्या डिंगोरे गावात कांदे लावणाऱ्या बायकांची तिची टोळी होती. जिचा घाम तिच्याच हातात पैसे, हा तिचा कायदा. मी कॉलेजच्या सुट्टीत त्या टोळीत जायची. एकदा तिनं माझ्या वडिलांनाही असंच परत पाठवलं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

टोळीतल्या सुनीताच्या नवऱ्यानं यावर तोड काढली. बायकोला टोळीतून काढून दुसरीकडं कामाला लावलं आणि मजुरी स्वतः उचलू लागला. तिचे पैंजणही विकून खाल्ले. भीमाशंकराकडच्या माहेरी जायला पोरीकडं एसटीचं भाडंही नसायचं. आक्का चडफडायची, "पाय बांधल्यात मेल्यानं तिचं. दोरी दिसंना, यवढंच."

एका सकाळी आम्ही दोघी-तिघी आक्काबरोबर कामावर निघालो, तर सुनीताच्या दारात जीप लागलेली. गोडबोल्या अनोळखी पाहुणा, शेजारी नवरा, आणि पिशवी भरून हरखलेली सुनीता. "आक्का, शेरात काम हाये. पगार माज्या हातात देनारेत!"

आक्कानं नवऱ्याच्या फुगलेल्या खिशाकडं पाहिलं. "काम हिचं, आन् पैसं आदीच तुला?"

"उचल हाये," तो पुटपुटला.

आता आक्का पेटणार, असं आम्हाला वाटलं. पण ती लाडानं म्हणाली, "पावणं, लेक गाव सोडून चाललीया, ओटी भरल्याबिगर कशी धाडू? च्या घ्या."

ओटीला नाही कोण म्हणणार? आक्का स्वतः विधवा, रिवाजानं ती ओटी भरू शकत नव्हती. तिनं टोळी बोलावली आणि आमच्या कानात सांगितलं, "घरात शिरताना एकेकीनं पावण्याला इचारा, पोरगी कुटं चाललीया. आन् तो काय म्हनतोय ते पोरीला सांगा." एकीला एसटीडी बूथवर पिटाळलं, जुन्नरच्या ठाण्यात फोन करायला.

पहिली तांदूळ घालताना म्हणाली, सुरतेच्या कारखान्यात. दुसरी म्हणाली, मुंबईच्या बंगल्यात. मला तो म्हणाला होता, "ते गेल्यावर ठरंल." सुनीताचा चेहरा उतरत गेला. भरली ओटी सावरत ती उठली, बाहेर गेली. "पगार कुनाच्या हातात देनार?"

पाहुण्यानं तिच्या नवऱ्याकडं पाहिलं.

"मी न्हाई येत," सुनीता म्हणाली. नवऱ्यानं तिचा दंड धरला, तशी सगळी टोळी खुरपी घेऊन मधे उभी राहिली. पाहुणा जीपकडं पळाला, पण चहाच्या नादात किल्ली आक्काच्या कनवटीला गेली होती. पोलीस आले तेव्हा दोघंही आमच्या गराड्यात घामाघूम बसले होते. राव, काय मिरवलो आम्ही त्या दिवशी!

"जिच्या पदराला तिकिटापुरतंबी नसतंय, तिला कुनीबी गाडीत घालून न्यावं," आक्का म्हणाली आणि सुनीताला परत टोळीत घेतलं.

पहिल्या मजुरीतून सुनीता आईला भेटून आली. येताना नारळ आणि खण घेऊन आली, आणि सगळ्यांदेखत आक्काला पाटावर बसवलं.

"आगं येडे, मला पांढऱ्या कपाळाला कसली ओटी?"

"आक्का, कांदं मी लावलं. पैसं माजं, नारळ माजा. कुनाची ओटी भरायची, ते मी ठरवीन."

आक्कानं रडत रडत पदर पुढं धरला. आज ती नाही. टोळी सुनीता चालवते. पण तसा पदर धरून पाटावर बसलेली आक्का आठवली, की अजूनही माझी मान ताठ होते.